नेरटोल्याच्या खिडक्या

शहापूरला हायवेवर, पंक्चरच्या दुकानाला लागून भूपेंद्रचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, वास्तू, तेरवी, निवडणूक, कुणाचंही काही असो, बॅनर तिथूनच निघतो. लग्नाच्या बॅनरवरचा गुलाब आणि तेरवीच्या बॅनरवरचा गुलाब एकच असतो, फक्त एकदा लाल आणि एकदा पांढरा. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

माणूस तसा शांत. पण कुणी मोबाईलवर आलेला पुसट फोटो पुढे केला की त्याचं डोकं फिरतं. "हा फोटो फाटते, भाऊ," तो म्हणतो. "एवढूसा फोटो आणला, अन् बॅनर पायजे भिंतीएवढा. तुह्या पोराच्या जागी शेजाऱ्याचं पोरगं दिसन." गिऱ्हाईक म्हणतं, "चालते ना, भूपेनभाऊ." तो म्हणतो, "मले नाही चालत." आणि मग करून देतो. धंदा म्हटला की फाटलेली तोंडंही छापावी लागतात.

म्हणूनच त्याला रेषेच्या चित्राचं वेड. धंद्यात त्याला व्हेक्टर म्हणतात. फोटो ठिपक्यांचा असतो, ताणला की ठिपके उघडे पडतात. रेषेच्या चित्रात कॉम्प्युटर फक्त एवढंच लक्षात ठेवतो की रेष कुठून निघाली, कशी वळली आणि कुठे टेकली. मग ते चित्र शर्टाच्या खिशावर छापा की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, धार तीच. "हे नाही फाटत," असं भूपेंद्र ज्या समाधानानं म्हणतो, त्या समाधानानं लोक पोरीचं लग्न जमल्याचं सांगतात.

आणि गेली कित्येक वर्षं, गिऱ्हाईक नसलं की तो अशाच रेषांनी एक गाव काढत बसतो. नेरटोला. त्याचं स्वतःचं गाव. ते आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे.

गाव उठलं तेव्हा तो नागपूरला शिकत होता. आला तो सामान ट्रकात भरायलाच. लोकांनी छपरांचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवले, दारं चौकटीसकट काढली, कुणी तर पायरीचा दगडही नेला. शेतकऱ्यांची घरं शहापूरच्या बाजूला नव्या गावठाणात आली. मासे धरणाऱ्या ढिवरांची ढिवरटोली धरणाकडच्या दुसऱ्या वसाहतीत गेली, कारण हायवेवर मासे सापडत नाहीत. कागदावर दोन्हीकडे नाव नेरटोलाच राहिलं. पण एकाच नावाची दोन गावं म्हणजे धड एकही नाही, हे तिथल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा त्यानं जुन्या मोजणीच्या नकाशावरून रेषा ओढल्या. गल्ल्या, घरं, विहिरी, देऊळ, नदीचा घाट. भिंतभर बॅनर छापला आणि दिवाळीला नव्या घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, टांगला. आपली आई, शकुंतलाबाई, हे पाहून रडणार अशी त्याची खात्री होती. तो रुमालही जवळ ठेवून उभा होता.

शकुंतलाबाईंनी बराच वेळ पाहिलं. बोटानं चाचपत चाचपत घर शोधलं, घरामागची वाडी शोधली, आणि तिथे बोट थांबलं. मग पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "चांगलं काढलं रे, बाप्पा. पण हे आपलं गाव नोहे."

"काहून? काय चुकलं?"

"मले का समजते नकाशातलं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो बॅनर पुढे धान वाळवायला अंगणात अंथरला जाऊ लागला. नेरटोल्याच्या छातीवर धान वाळलं, हेही काही वाईट झालं नाही.

पण भूपेंद्रच्या मनात ते वाक्य काट्यासारखं राहिलं. त्याला वाटलं, चित्र अपुरं आहे. म्हणून त्यानं छपरांवर एकेक कवेलू बसवला. विहिरीला रहाट लावला. बैलांचे खुंटे रोवले, देवळावर झेंडा चढवला, आंब्यांना पानं आणि पानांना शिरा काढल्या. नवीन काही काढलं की तो घरी सांगे, "आई, एकदा दुकानात येऊन पाय ना." आई म्हणे, "पाहीन नं." आणि येत नसे. गावाला आवडलेली गोष्ट आईला का आवडत नाही, हे कोडं त्याला सुटेना. खरं सांगायचं तर त्याला बाकी गावाची वाहवा नकोच होती. आईनं एकदा बघून "हो, हेच" म्हणावं, एवढ्यासाठीच तो झटत होता. तिचे डोळे आता अधू होत चालले होते आणि त्याचा जीव खालीवर होत होता.

आईला दुसरंही एक दुखणं होतं. ढिवरटोलीतल्या सखाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी नव्या सुना म्हणून नेरटोल्यात आल्या. घरं पाठीला पाठ लावून. समोरची दारं मात्र वेगवेगळ्या गल्लीत, म्हणजे सरळ रस्त्यानं जायचं तर चावडीला वळसा घालून जावं लागे. आता सखाबाई धरणाकडच्या वसाहतीत होत्या. फोनवर सखाबाईंना ऐकू येत नसे. "चल, तुले नेऊन आणतो," भूपेंद्र किती वेळा म्हणाला. शकुंतलाबाईंचं उत्तर ठरलेलं, "जाऊन काय करू? समोरच्या दारानं पाहुणीसारखी जाऊ काय तिच्याकडं?" याचा अर्थ भूपेंद्रला कधी कळला नाही. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं म्हणून तो सोडून देई.

इकडे दुकानात नेरटोल्याची ख्याती वाढली. पत्रिका छापायला आलेला माणूस खुर्ची ओढून म्हणे, "भूपेन, माह्यं घर दाखव." भूपेंद्र माउसचं चाक फिरवी. आधी नदीचं वळण, मग गल्ली, मग छप्पर, मग अंगण, मग तुळशीचं वृंदावन. कितीही जवळ जा, रेष फाटत नसे. बाया पदरानं डोळे टिपत आणि पत्रिकेतलं मुलीचं नाव तपासायचं विसरून जात. "मले दे ना हे," कुणी म्हटलं की भूपेंद्र लगेच पेन ड्राइव्हमध्ये गाव घालून देई. देणाऱ्याचं काही जात नाही, असं त्याला वाटलं.

गेलं. बरंच गेलं.

नव्या गावठाणातल्या श्यामरावांच्या घरी तो पेन ड्राइव्ह गेला आणि पुतण्यानं चित्र उघडून त्यातली चिंच सरकवून श्यामरावांच्या अंगणात आणली. "चिच आमचीच होती," श्यामराव म्हणाले. पुष्पाबाई म्हणजे त्यांच्या चुलत वहिनी, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांच्या घरच्या चित्रात तीच चिंच त्यांच्या अंगणात उगवली. तिसऱ्यानं आपल्या घराला माडी चढवली, जी नेरटोल्यात कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. चौथ्यानं भाऊबंदकीचा राग काढून चुलत्याचा गोठाच पुसला. ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ज्याचा त्याचा नेरटोला. श्यामराव आणि पुष्पाबाई पाण्याखाली बुडालेल्या चिंचेवरून एकमेकांशी बोलेनासे झाले. जिवंतपणी त्या झाडाची बोटुकं दोन्ही घरच्या पोरांनी मिळून खाल्ली होती.

भूपेंद्रला अपराधी वाटलं. धरणानं गावाचे दोन तुकडे केले होते, आपण तर वाटून वाटून पार भुगा केला, असं तो बायकोजवळ बोलून गेला.

पोळ्याला त्याची बहीण हर्षा नागपूरहून आली. ती तिथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. दुकानात येऊन पाहते तो भूपेंद्र हातावर हात ठेवून बसलेला आणि पडद्यावर चक्र गरगर फिरतंय. त्यानं नेरटोला एकाच वेळी चार खिडक्यांत उघडला होता. एका खिडकीत सारं गाव, एकीत घाट, एकीत चावडी आणि एकीत आपलं घर.

"कायले अटकलं हे?" हर्षानं विचारलं.

"कवेलू जास्त झाले," भूपेंद्र म्हणाला.

हर्षानं खुर्ची ओढली आणि आत जाऊन पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "दादा, तू चार खिडक्यांसाठी चारदा गाव बांधून राहिला. प्रत्येक खिडकीत तेच घर, तेच कवेलू, पुन्हा पहिल्यापासून. याचा जीव नाही जाईन तं काय होईन? गाव एकदाच बांध. खिडक्या फक्त पाहाले ठेव. कोणी दुरून पाहो, कोणी जवळून पाहो, गाव एकच."

"अन् एका खिडकीत मी काही बदललं तं?"

"साऱ्या खिडक्यांत बदलन. गावच एक हाय म्हटल्यावर."

भूपेंद्रच्या डोक्यात कॉम्प्युटर नव्हता, चिंच होती. "हर्षा," तो म्हणाला, "या खिडक्या एकाच कॉम्प्युटरवर पायजेत असं हाय का? एक खिडकी श्यामरावच्या घरी, एक पुष्पाबाईच्या, एक तिकडं ढिवरटोलीत, अन् गाव एकच. असं होते का?"

"होते. पण भांडण होईन."

"भांडण तं आताही होऊनच राहिलं," भूपेंद्र म्हणाला. "निदान एकाच गावात तरी होईन."

हर्षा हसली आणि कामाला लागली. दिवाळीपर्यंत तिनं नागपूरहून, सुटीच्या दिवशी बसून, ते जमवून आणलं. गाव एका जागी ठेवलं. ज्याला बघायचं त्यानं टीव्हीवर किंवा मोबाईलवर आपली खिडकी उघडायची आणि वाटेल तिथे, वाटेल तेवढं जवळ जायचं. प्रत्येक खिडकीचा एक रंगीत चौकोन बाकीच्यांना चित्रावर दिसायचा, म्हणजे कोण कुठे बघतंय ते कळे. भूपेंद्रनं घरोघरी जाऊन जुने पेन ड्राइव्ह मागून आणले. माडीवाल्यानं तेवढी जरा कुरकुर केली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस. गावोगाव जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, आणि पहाटेपर्यंत नाटक. भूपेंद्रला या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, नाटकांचे सारे बॅनर त्याच्याकडे. उठण्याआधी नेरटोल्याची मंडई एकच होती. उठल्यापासून दोन्ही वसाहती आपापली मंडई एकाच दिवशी भरवतात, कारण मूळ गावाचा दिवस कुणीच सोडायला तयार नाही. त्यामुळे इकडच्याला तिकडे जाता येत नाही आणि तिकडच्याला इकडे.

त्या दिवशी नव्या गावठाणातल्या समाजमंदिरात भूपेंद्रनं मोठ्या टीव्हीवर सारं गाव लावलं. ढिवरटोलीच्या वसाहतीतही तसाच टीव्ही लागला. तिथे सखाबाईंची नात ज्योत्सना होती, तिला हर्षानं आधीच सारं शिकवून ठेवलं होतं. बाहेर शिंगाडे आणि जिलेबीची दुकानं, आत नेरटोला. लोकांनी खच्चून गर्दी केली. पडद्यावर पिवळा चौकोन सरकू लागला तसा कुणीतरी ओरडलं, "अरे, थे पाय! ढिवरटोली घाटावर आली!" आणि सारं समाजमंदिर हसलं. गाव उठल्यापासून दोन्हीकडची माणसं एकाच वेळी नेरटोल्यात फिरत असल्याचं असं पहिल्यांदाच घडत होतं.

श्यामराव पुतण्याचा मोबाईल घेऊन एका कोपऱ्यात, पुष्पाबाई सुनेचा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात. मोठ्या पडद्यावर चिंच हलली आणि श्यामरावांच्या अंगणात गेली. लगेच ती परत पुष्पाबाईंकडे आली. पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. लोक आधी कुजबुजले, मग मोठ्यानं हसू लागले. चिंच बिचारी मुळासकट नुसती ये-जा करत होती.

"भाऊजी, सोडा ना आता!" न राहवून पुष्पाबाई समोरून ओरडल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी श्यामरावांना मारलेली ती पहिली हाक.

"वयनी, तुमी सोडा आधी!" श्यामराव म्हणाले, आणि बोलून बसल्यावर त्यांनाच हसू आलं. त्यांनी बोट उचललं. इकडे पुष्पाबाईंनीही उचललं. चिंच कुंपणाच्या रेषेवर थांबली, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. कुणी म्हणालं, तशीच तर होती. थोड्या वेळानं पुष्पाबाईंनी सुनेच्या हातून श्यामरावांकडे जिलेबीचा पुडा पाठवला.

भूपेंद्र खुशीत होता, पण त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. आई आली नव्हती. घरी पाहुणे आहेत, स्वयंपाक आहे, तिची कारणं ठरलेली. तो मुकाट्यानं मोबाईलवरच्या आपल्या खिडकीतून आपलं घर बघत बसला. प्रत्येक कवेलू जागच्या जागी. मामाच्या गावाहून आणलेल्या म्हशीचा खुंटासुद्धा. आता आणखी काय काढायचं राहिलं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

एवढ्यात पिवळा चौकोन त्याच्या घराजवळ आला. घरासमोर नाही, मागच्या वाडीत. तिथे जवळ जवळ येत राहिला, लहान होत गेला. त्यांची वाडी आणि सखाबाईंची वाडी यांच्यामध्ये काट्यांचं कुंपण होतं. मोजणीच्या नकाशावर तिथे एक सरळ रेष होती, भूपेंद्रनं तीच ओढली होती आणि वर हौसेनं काटेही काढले होते. त्याच्या डोळ्यांदेखत ती रेष मध्येच तुटली. कुंपणात माणूस जाईल एवढी वाट उघडी पडली.

"अरे, कोण तोडून राहिलं?" तो चिडून म्हणाला. त्याला वाटलं, कुणाचं तरी पोरगं चाळा करतंय. त्यानं तुटलेली टोकं जोडायला हात घातला.

"राहू दे," मागून आवाज आला.

शकुंतलाबाई उभ्या होत्या. पाहुणे जेवायचे थांबलेत, तू चल, असं सांगायला त्या आल्या होत्या. ते सांगणं तोंडातच राहिलं. त्या गर्दीतून वाट काढत टीव्हीच्या पार जवळ गेल्या, डोळे बारीक करून पाहू लागल्या.

"कोनं उघडली थे वाट?"

"ढिवरटोलीतून उघडली, आई. ज्योत्सनानं. पण तिथं तं कुंपण होतं ना?"

"कुंपण होतं. अन् कुंपणात वाट होती." त्या पडद्यावरच्या त्या फटीवर बोट ठेवून म्हणाल्या. "ज्योत्सना तवा पैदाही नोहती झाली. सखीनं सांगतलं असन तिले. आमी दोघीच जावो तिच्यातून. तुह्या बाबाले बी धड मालूम नोहती."

"मंग मले सांगतलं काहून नाही? इतके वर्षं मी कवेलू मोजून राहिलो!"

"मले वाटलं, नकाशात सरकारी रस्तेच येतेत. बायाइची वाट कोन काढते?"

गावातला प्रत्येक खुंटा भूपेंद्रनं काढला होता आणि आईचं सारं गाव ज्या वाटेनं जात-येत होतं, तिथे आपल्या हातानं काटे लावून ठेवले होते. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

"मी पाहून राहिली ते सखीले दिसते का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"आपला चौकोन दिसते. हिरवा."

"मंग थो तिच्या चुलीपाशी ने."

भूपेंद्रनं खिडकी हळूच सरकवली. हिरवा चौकोन वाडीतून निघाला, कुंपणातल्या वाटेनं पलीकडे गेला आणि सखाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबला. चुलीपाशी कुणी नव्हतं. पिवळा चौकोन कुठे दिसेना. त्यानं मोठा पडदा पाहिला. तेवढ्या वेळात पिवळा चौकोन याच वाटेनं अलीकडे येऊन शकुंतलाबाईंच्या चुलीपाशी बसला होता.

शकुंतलाबाई हसल्या. अशा हसल्या की आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या. "पाय, पाय! मी तिच्या घरी गेली तं थे माह्या घरी आली. अशीच करे ते! मी वाडीतून जावो, अन् ते कांद्याच्या वाफ्यापाशी वाकून बसली राहे, मले दिसेच नाही, तेवढ्यात थे माह्या घरी जाये. मंग दोघीबी एकमेकीच्या चुलीपाशी बसून वाट पाहत राहो."

"मंग कोण परत येये आधी?" भूपेंद्रनं विचारलं.

"जिच्या घरचं दूध उतू जाये, थे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पुसता पुसता डोळेही पुसले. "हो रे. हेच आपलं गाव होय."

ज्या वाक्यासाठी भूपेंद्रनं इतकी वर्षं घालवली, ते असं जाता जाता येऊन गेलं. त्याला ते आणखी एकदा ऐकायचं होतं, पण शकुंतलाबाई दाराकडे निघाल्याही होत्या.

"कुठं चालली, आई? पाहुणे थांबले म्हणे ना जेवाचे?"

"तुही बायको वाढन त्याइले. तू ज्योत्सनाले फोन लाव, म्हणा थांबव आजीले तिथंच, जागची हालू देऊ नको. अन् गाडी काढ."

"आत्ता? मंडई सोडून?"

"तिकडंबी मंडईच हाय." त्या चपला पायात घालत होत्या. मग काहीतरी आठवून थांबल्या. "घरून नव्या धानाच्या पोह्याचा डबा घेऊन घे. त्या वाटेनं खाली हातानं कोनी जात नोहतं."